सावली पुसू नका

भर दुपारी एखाद्या अंधाऱ्या खोलीच्या दारात उभे राहून पाहा. बाहेरच्या अंगणातील लख्ख ऊन दिसते, तुळशीवृंदावन दिसते आणि मान वळवली की खोलीच्या कोपऱ्यातील जुनी पेटीही दिसते. आता त्याच जागेवरून साध्या कॅमेऱ्याने फोटो काढा. खोली नीट आली तर अंगण पांढरेफटक होते. अंगण नीट आले तर खोलीच्या जागी नुसता काळा डाग उरतो. डोळ्याला जे सहज जमते ते कॅमेऱ्याला जमत नाही.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. तिच्यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला एक सुंदर उपाय म्हणजे 'एचडीआर'. 'हाय डायनॅमिक रेंज' या शब्दांचे हे संक्षिप्त रूप होय. दृश्यातील सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या भागांच्या तेजात जे अंतर असते त्याला आपण 'तेजव्याप्ती' म्हणू. ही तेजव्याप्ती फार मोठी असली की एका फोटोत मावत नाही. म्हणून कमी-जास्त प्रकाशाचे अनेक फोटो घ्यायचे आणि त्यांतून एकच चित्र तयार करायचे, ही या पद्धतीची मूळ कल्पना.

उपाय चांगला असला तरी त्याचा वापर पाहिला की मन खट्टू होते. किल्ल्याचा प्रत्येक दगड तेल लावल्यासारखा चकाकतो. सूर्य डोंगरामागे गेला तरी पुढचे गवत हिरवेगार उजळलेले असते. ढगांना काजळाच्या कडा येतात, आणि विजेच्या खांबाभोवती पांढरी प्रभावळ दिसू लागते. प्रभावळ देवाच्या मूर्तीमागे शोभते, खांबामागे ती कशाला?

विद्यार्थी मित्रांनो, एचडीआर वापरू नका असे माझे म्हणणे मुळीच नाही. जरूर वापरा. मात्र दोन पथ्ये पाळा. पहिले पथ्य असे की, दृश्यात जे अधिक उजळ होते ते चित्रातही अधिक उजळच राहू द्यावे. उजेड आणि सावली यांचा क्रम मोडू नये. दुसरे असे की, काही कारणाने तो मोडावाच लागला, तर कसा मोडला ते चित्राखाली स्पष्ट लिहावे. ही पथ्ये निव्वळ आवडीनिवडीची नाहीत. त्यांच्यामागे विज्ञान आहे, आणि थोडा प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे.

डोळा मोजत नाही, तुलना करतो

भर उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा प्रकाश पाव लक्सच्या आसपास भरतो. म्हणजे दोहोंत सुमारे चार लाखपट फरक झाला. तरी आपण उन्हातही पाहू शकतो आणि चांदण्यातही पायवाट ओळखू शकतो.

हे कसे घडते? बाहुली लहानमोठी होते म्हणून, असे उत्तर पुष्कळजण देतात. ते अपुरे आहे. बाहुलीचा व्यास साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत बदलतो. व्यास चौपट झाला तर क्षेत्रफळ सोळापट होते. चार लाखांपुढे सोळा म्हणजे किरकोळच! उरलेले काम डोळ्यातील पडदा आणि मेंदू मिळून करतात. पडद्यावरील पेशी आपली संवेदनक्षमता परिस्थितीप्रमाणे बदलतात. उन्हातून अंधारात गेल्यावर ही क्षमता पुरती वाढायला वीस ते तीस मिनिटे लागतात. शिवाय आपण सगळे दृश्य एका दमात पाहत नाही. नजर अंगणावरून पेटीकडे आणि पेटीवरून अंगणाकडे फिरत असते, आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. डोळा तेज मोजत नाही, शेजारच्या तेजाशी त्याची तुलना करतो. याचा पडताळा घरीच घेता येईल. राखाडी कागदाचे सारखे दोन चौकोन कापा. एक पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दुसरा काळ्या कागदावर. काळ्यावरचा चौकोन अधिक उजळ वाटेल. कागद एकच, पण शेजार बदलला की रूप बदलते.

या छोट्या प्रयोगात आपल्या विषयाचे मर्म आहे. काळे जवळ असते म्हणून पांढरे पांढरे दिसते. चित्रातील सगळ्या सावल्या उजळून टाकल्या तर उजेडही मरतो. मग चित्रात जान नाही असे वाटू लागते, म्हणून रंग वाढवले जातात. रंग वाढवले की कडा मऊ वाटतात, म्हणून त्या करकरीत केल्या जातात. मीठ जास्त झाले म्हणून गूळ घालायचा आणि गूळ जास्त झाला म्हणून चिंच, असा तो प्रकार होतो. शेवटी आमटीची चव कोणालाच ओळखता येत नाही!

पर्जन्यमापकाचे उदाहरण

कॅमेऱ्याचे काम वेगळे. त्याच्या सेन्सरवर लाखो सूक्ष्म कप्पे असतात. त्यांत पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार साठतो. प्रत्येक कप्पा म्हणजे एक छोटा पर्जन्यमापकच समजा. मापक काठोकाठ भरला की पुढे कितीही पाऊस पडला तरी तो तेवढाच आकडा दाखवणार. फोटोतील पांढरेफटक आकाश म्हणजे असे भरून वाहिलेले मापक. उलट चार थेंबच पडले तर तळाच्या ओलाव्यावरून पाऊस किती झाला ते नीट सांगता येत नाही. फोटोतील काळोखा, दाणेदार कोपरा म्हणजे असे जवळजवळ कोरडे राहिलेले मापक.

मग करायचे काय? मापक थोडा वेळ, मध्यम वेळ आणि जास्त वेळ असे तीनदा पावसात ठेवायचे. समजा, कॅमेऱ्याचे शटर पहिल्या खेपेस १/२५० सेकंद, दुसऱ्या खेपेस १/६० सेकंद आणि तिसऱ्या खेपेस १/१५ सेकंद उघडे ठेवले. प्रत्येक वेळी प्रकाश सुमारे चौपट झाला. आकाशाचे तेज पहिल्या फोटोवरून कळेल आणि कोपऱ्याचे तिसऱ्यावरून. वेळेचे प्रमाण ठाऊक असल्यामुळे सगळे आकडे एकाच मापावर आणता येतील.

ही युक्ती नवी नाही. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे घेतली. त्या काळच्या काचांवर लाटा नीट उमटवाव्यात तर आकाश कोरे राही. म्हणून त्याने आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी काच वापरून क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी कमी-अधिक संवेदनक्षमतेचे तीन थर असलेली फिल्म तयार केली आणि तिच्यावर अणुस्फोटांची छायाचित्रे घेतली. स्फोटाच्या गाभ्याचे तेज आणि भोवतालचे तेज एकाच फिल्मवर टिपण्यासाठी हा खटाटोप होता.

संगणकाच्या साहाय्याने हे काम शास्त्रशुद्ध रीतीने कसे करावे ते १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी दाखवले. मलिक हे कानपूरच्या आयआयटीचे विद्यार्थी आणि पुढे अमेरिकेत बर्कली येथे प्राध्यापक. त्यांच्या निबंधात एका चर्चच्या अंतर्भागाचे उदाहरण आहे. रंगीत काचांच्या खिडक्या लख्ख, तर आतील कोपरे काळोखे. तेथे ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत, दर वेळी वेळ निम्मी करत, सोळा फोटो घेतले होते. पहिल्या आणि शेवटच्या वेळेत तीस हजारपट फरक होता. त्या सोळा फोटोंवरून चर्चमधील प्रत्येक बिंदूचे सापेक्ष तेज किती, हे गणिताने काढले होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या दोघांचा हेतू चित्र भडक करण्याचा नव्हता. त्यांना प्रकाश मोजायचा होता. एचडीआर ही मुळात मोजमापाची पद्धत आहे. कॅमेरा जे हरवून बसतो ते परत मिळवणे हा तिचा धर्म आहे. तिचा उपयोग मुळात नव्हते ते दाखवण्यासाठी होऊ लागला, म्हणजे वजनकाटा सजावटीसाठी दुकानात टांगल्यासारखे झाले!

वर्गमुळाचा हिशेब

मोजमाप झाले तरी काम संपत नाही. दृश्यातील उजळ भाग काळोख्या भागाच्या दहा हजारपट तेजस्वी असू शकतो. छापील कागदावर मात्र पांढरा भाग काळ्या भागाच्या फार तर शंभरपट उजळ दिसतो. दहा हजारांचे अंतर शंभरात बसवायचे कसे? या क्रियेला 'टोन मॅपिंग' म्हणतात. आपण तिला 'तेजसंकोच' म्हणू. चित्र बिघडते ते बहुधा येथेच.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वर्गमूळ काढणे. समजा, आकाशाचे तेज १०,०००, डोंगरावरच्या एका दगडाचे १२१ आणि शेजारच्या सावलीचे १०० आहे. वर्गमुळे अनुक्रमे १००, ११ आणि १० येतील. दहा हजारपट मोठे अंतर आटोक्यात आले आणि क्रमही कायम राहिला. पण एक तोटा झाला. दगड पूर्वी सावलीहून २१ टक्के उजळ होता, आता तो फक्त १० टक्के उजळ आहे. बारीक तपशील फिके पडले आणि चित्र मळकट दिसू लागले.

यावर संगणकतज्ज्ञांनी तोड काढली. चित्राचे दोन भाग करायचे. पहिल्या भागात प्रत्येक जागेच्या आसपासचे सरासरी तेज. दुसऱ्या भागात त्या सरासरीहून तो बिंदू किती पट कमी वा जास्त आहे, तो तपशील. वर्गमूळ फक्त सरासरीचे काढायचे, आणि नंतर तिला तपशिलाने गुणायचे. आता दगडावरील बारकावे शाबूत राहतात.

पण जेथे डोंगराची कड आकाशाला भिडते तेथे काय होते ते पाहा. कडेजवळच्या सरासरीत आकाश आणि डोंगर दोन्ही मिसळतात. ती सरासरी २,५०० आली असे धरू. तिचे वर्गमूळ ५०. कडेजवळचे आकाश सरासरीच्या चौपट आहे, कारण १०,००० भागिले २,५०० म्हणजे ४. म्हणून त्याचे नवे तेज ५० गुणिले ४ म्हणजे २०० झाले. दूरच्या मोकळ्या आकाशाचे मात्र १००! एकाच आकाशाचा एक पट्टा दुप्पट उजळला. हीच ती प्रभावळ. आणि डोंगराची कड? १०० भागिले २,५०० म्हणजे ०.०४, त्याला ५० ने गुणले की २. डोंगराचा बाकी भाग १० वर असताना कड २ वर गेली. हीच ती काजळाची रेघ.

म्हणजे खांबाभोवतीची प्रभावळ हा हिशेबातील दोष आहे. त्यात कला नाही. निसर्गात अशी प्रभावळ नव्हती, ती सरासरीने निर्माण केली. कडेपलीकडचे तेज सरासरीत न मिसळण्याची पद्धत फ्रेदो द्युराँ आणि ज्युली डॉर्सी यांनी २००२ मध्ये मांडली. तेव्हापासून आज्ञावल्या पुष्कळ सुधारल्या आहेत. तरीही स्लायडर टोकाला ओढला की हा दोष कमी-अधिक प्रमाणात डोके वर काढतोच.

कार्ल्याच्या लेण्यातील अंधार

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे चैत्यगृह तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेला हा दालनासारखा भाग जवळजवळ ३८ मीटर लांब आहे. छताला लाकडी कमानींच्या फासळ्या आहेत, दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा आहेत आणि टोकाला स्तूप आहे. प्रकाश मुख्यतः एकाच ठिकाणाहून येतो. दर्शनी भागावरील घोड्याच्या नालेच्या आकाराच्या भव्य गवाक्षातून तो आत उतरतो, मधल्या भागावर आणि स्तूपावर पसरतो, आणि स्तंभांमागच्या चिंचोळ्या वाटा अंधाऱ्या राहतात.

एचडीआरची खरी गरज भासावी असेच हे ठिकाण आहे. एकाच फोटोत गवाक्ष आणि स्तूप दोन्ही नीट येणे कठीण. तीन किंवा पाच फोटो घेऊन जोडले तर फासळ्याही दिसतील आणि स्तूपाची गोलाईही दिसेल. येथपर्यंत सारे योग्य.

पण आता कोणी स्तंभांमागचा अंधारही उजळायला घेतला, तर? बाजूच्या वाटा मधल्या दालनाइतक्याच लख्ख होतील. स्तंभाची एक बाजू उजळ आणि दुसरी काळोखी असल्यामुळे तो गोल वाटत होता, तो आता सपाट पट्टीसारखा दिसेल. दरवाजातून आत येणाऱ्याची नजर उजेडाच्या मागोमाग स्तूपाकडे जावी अशी येथील रचना आहे, तिची खूणच चित्रातून नाहीशी होईल. त्या कारागिरांनी दगड खोदला, तसाच उजेडही आत कोठे पोहोचावा हे ठरवले. सावली पुसणे म्हणजे त्यांच्या कामाचा अर्धा भाग पुसणे होय.

असे चित्र समोर आले की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारावा: हा प्रकाश कोठून आला? प्रकाश सरळ रेषेत जातो, वस्तूवर पडतो, परावर्तित होतो. खिडकी एक आणि उजेड चारी बाजूंनी, हे भौतिकशास्त्राला मान्य नाही. सूर्यास्ताच्या चित्रालाही हाच प्रश्न लागू पडतो. सूर्य मावळल्यावर गवतावर प्रकाश पडतो तो आकाशाचाच. पडलेल्या प्रकाशाचा काही भाग गवत शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. मग ज्या आकाशाने उजेड दिला त्याच्याहून गवत अधिक उजळ कसे असेल? कर्ज घेणारा सावकाराहून श्रीमंत दिसू लागला तर हिशेबात काही गफलत आहे हे नक्की.

क्रम मोडण्याचीही रीत असते

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, शास्त्रज्ञसुद्धा क्रम मोडतात की! खरे आहे. खग्रास सूर्यग्रहणातील प्रभामंडळाचे, म्हणजे करोनाचे, उदाहरण घ्या. करोना सूर्याच्या कडेजवळ बराच तेजस्वी असतो, पण दोन त्रिज्या दूर गेले की त्याचे तेज शेकडो पटींनी घटते. साध्या फोटोत आतला भाग जळतो किंवा बाहेरचा हरवतो. म्हणून गॉर्डन न्यूकर्क या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९६६ च्या ग्रहणात एक खास काच कॅमेऱ्यात बसवली. ती मध्याजवळ गडद आणि बाहेरच्या बाजूला क्रमाक्रमाने फिकी होत गेलेली होती. आतला प्रकाश जास्त अडवला गेला, बाहेरचा कमी, आणि करोनाचे लांबच लांब झोत एकाच चित्रात उतरले. १६ फेब्रुवारी १९८० रोजी भारतातून खग्रास ग्रहण दिसले, तेव्हा आज तेलंगणात असलेल्या पालेम येथूनही अमेरिकन शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने करोनाची छायाचित्रे घेतली होती.

या चित्रांत आतला आणि बाहेरचा करोना जवळजवळ सारखाच उजळ दिसतो. क्रम मोडला आहे. पण तो कसा मोडला? काचेचा गडदपणा केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे ठरलेला होता. सर्व दिशांना तो सारखा होता आणि वापरणाऱ्यांना त्याचे माप ठाऊक होते. एखादा झोत आवडला म्हणून तेवढाच उजळला, असे झाले नाही. चित्र पाहणाऱ्या दुसऱ्या शास्त्रज्ञाला उलट हिशेब करून मूळ तेज काढता येत होते.

तेव्हा चित्रांचे दोन प्रकार मानावेत असे मला वाटते. एक दाखवण्याचे चित्र. तेथे उभे राहिल्यावर काय दिसले ते सांगणारे. यात क्रम मोडू नये. दुसरे तपासण्याचे चित्र. डोळ्याला न दिसणारे शोधण्यासाठी केलेले, क्ष-किरण चित्रासारखे. यात क्रम मोडला तरी चालेल, पण नियम लिहिलेला हवा. खरी फसगत होते ती तपासण्याचे चित्र दाखवण्याचे म्हणून पुढे केले जाते तेव्हा.

'यात एवढे काय बिघडले?'

काहींचा आक्षेप असा असतो की, फोटो ही कला आहे, चित्रकार रंग गडद करतो तेव्हा त्याला कोणी हटकत नाही, मग छायाचित्रकारालाच का? या म्हणण्यात तथ्य आहे. भिंतीवर लावण्यासाठी कोणी जांभळा किल्ला केला तर त्याला माझी हरकत नाही. त्याने त्याला 'किल्ल्यावरची संध्याकाळ' असा पुरावा म्हणू नये, एवढेच.

कारण फोटोवर आपण साक्षीदारासारखा विश्वास ठेवतो. हिवाळ्यातील सकाळी शहरावर धुरकट हवेचा थर असतो. आज्ञावलीतील धुके काढण्याचा स्लायडर सरकवला की तो थर चित्रातून नाहीसा होतो, आणि लोक मात्र तीच हवा श्वासातून घेत राहतात. दरवर्षी एकाच गच्चीवरून फोटो घेऊन हवेची तुलना करायचा तुमच्या वर्गाचा प्रकल्प असेल, तर त्या एका स्लायडरने वर्षभराचे काम मातीमोल होईल. किल्ल्याच्या तटाला गेलेली भेगही तशीच. कडा करकरीत करणाऱ्या स्लायडरने वरवरचा ओरखडाही खोल भेगेसारखा भासतो. मग पुढच्या वर्षी भेग वाढली की स्लायडर वाढला, हे कोण सांगणार? रानफुलाचा रंग वाढवला तर पुस्तकातील वर्णनाशी ते जुळणार नाही आणि ओळख चुकेल.

आज हा प्रश्न अधिक जवळ आला आहे. २०१० पासून एचडीआरची सोय मोबाइल फोनमध्येही येऊ लागली. आजचे बहुतेक फोन एका बोटाच्या दाबासरशी अनेक फोटो घेतात, जोडतात, सावल्या उजळतात आणि तयार चित्र समोर ठेवतात. यात हात थरथरला तरी चित्र स्पष्ट येते, रात्रीचेही काही टिपता येते, हा फायदा मोठा आहे. पण किती उजळायचे हे बनवणाऱ्याने ठरवलेले असते, आणि लोकांना झटकन आवडावे हा त्यातील एक विचार असतोच. रोज तिखट खाणाऱ्याला साधा वरणभात अळणी लागतो, तसे होऊन आपल्याला खरी संध्याकाळच फिकी वाटू लागली, तर ते नुकसान कोणत्या स्लायडरने भरून काढणार?

हात कसा आवरावा

ही कला सवयीने येते. त्यासाठी काही साध्या सूचना देतो.

कॅमेरा तिपाईवर किंवा भिंतीवर पक्का ठेवा. भिंगाचे छिद्र बदलू नका, शटरची वेळ तेवढी बदला. छिद्र बदलले की जवळचे-दूरचे किती स्पष्ट दिसते तेही बदलते आणि फोटो एकमेकांशी नीट जुळत नाहीत. वारा असेल तर थांबा, कारण हललेल्या पानांची आणि चालत्या माणसांची चित्रात भुते होतात.

एकाच फोटोत सारे नीट मावत असेल, तर एचडीआर करूच नका. ढगाळ दिवशीच्या अंगणाला त्याची गरज नसते.

फोटो घेतानाच वहीत चार ओळी लिहा: सर्वांत उजळ काय, त्याखालोखाल काय, सर्वांत काळोखे काय, आणि उजेड कोणत्या बाजूने येत आहे. घरी पडद्यासमोर बसल्यावर स्मरणशक्ती दगा देते, वही देत नाही.

संस्करण करताना स्लायडर आधी मुद्दाम खूप पुढे सरकवा. नेमके काय बिघडते ते ओळखा. मग प्रभावळ दिसेनाशी होईपर्यंत मागे या आणि आणखी थोडे मागे या. काही जागा खरोखर काळ्या राहू द्या. चित्र एक दिवस झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मधल्या, न बदललेल्या फोटोशेजारी ठेवून पाहा. आदल्या रात्री डोळे त्या भडकपणाला सरावलेले असतात, सकाळी ते निवलेले असतात. शेवटी वहीतील क्रमाशी ताडून पाहा. क्रम जुळला तर चित्र तयार झाले.

शाळांनी काय करावे

शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने भरतात, निसर्गमंडळे सहली काढतात, छायाचित्रांच्या स्पर्धा होतात. तेथे एक साधा नियम करावा असे मी सुचवतो. संस्कारित छायाचित्राशेजारी मूळ फोटोंपैकी मधला फोटो लहान आकारात लावावा, आणि खाली तीन ओळी लिहाव्यात: किती फोटो जोडले, काय उजळले वा गडद केले, आणि हे चित्र दाखवण्याचे आहे की तपासण्याचे. याला खर्च जवळजवळ नाही. प्रयोगवहीत आपण साहित्य, कृती आणि निरीक्षण लिहितो, त्यातलेच हे. कृती न लिहिता नुसते निरीक्षण लिहिले तर शिक्षक ते मान्य करत नाहीत. मग फोटोलाच सूट का द्यावी?

परीक्षकांनीही 'रंग किती छान!' एवढ्यावर न थांबता 'हा प्रकाश कोठून आला?' असे विचारावे. ज्या विद्यार्थ्याला उत्तर देता येईल त्याला प्रकाशाचा धडा समजला असे खुशाल मानावे.

अति तेथे माती, ही म्हण सर्वांना पाठ असते. स्लायडर हाताखाली आला की ती आठवत नाही. तो किती सरकवायचा हे आपल्या हाती आहे तोवर प्रत्येकाने आपले डोळे तयार करावेत. संध्याकाळी गच्चीवर वा शेताच्या बांधावर जाऊन पंधरा मिनिटे नुसते बसा. आधी कोणता डोंगर काळा पडतो, कोणता शेवटपर्यंत उजळ राहतो, घरांच्या भिंतींचा रंग केव्हा जातो ते पाहा. कॅमेरा घरीच राहू द्या. अंधार उतरतो तोही टप्प्याटप्प्याने, आणि ते टप्पे ज्याने पाहिले आहेत त्याच्या चित्रात सावली आपल्या जागी राहते.